परक्याच्या शीलाविषयीं साक्ष

स्त्रीपुरुषांमधील कामभावना भुकेप्रमाणें देहाबरोबरच येते, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु भूक सर्वांची सारखी असूनही कोणी भाकर खातो, कोणी भात. तसेंच ह्या भावनेसही प्रत्येक समाज आपल्या चालीप्रमाणें वळण लावितो. लाज कशाची धरावी, लग्न केव्हां व्हावें, तरुण मुलीनें कोणाशीं बोलावें, हें देह शिकवीत नाहीं; घर व गांव शिकवितात. मग जो विद्वान् ह्या विषयाचा शास्त्रीय शोध करावयास निघतो, त्यासही त्याच्या घरानें व गांवानें घडविलेलें असतें. त्याची साक्ष कितपत निर्मळ मानावी? एका खऱ्या उदाहरणावरून हा प्रश्न आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

पॅसिफिक महासागरांत सामोआ नांवाचीं बेटें आहेत. तेथें १८३० सालीं लंडन मिशनरी सोसायटीचे जॉन विल्यम्स गेले, व पुढें तेथील बहुतेक लोक ख्रिस्ती झाले. १९२५ सालीं मार्गारेट मीड ही २३ वर्षांची अमेरिकन विदुषी, आपले गुरु फ्रांझ बोआस ह्यांनीं सुचविलेला प्रश्न घेऊन तेथें गेली. वयांत येतांना मुलामुलींच्या मनांत वादळ उठणें हा निसर्गाचाच नियम, असें अमेरिकेंत पुष्कळ जण मानीत. तो सर्वत्र लागू आहे काय, हें तिला पाहावयाचें होतें. ताऊ बेटावरील तीन खेड्यांतील ६८ मुलींची माहिती मिळवून १९२८ सालीं तिनें ग्रंथ प्रसिद्ध केला. सामोआंत तें वय शांतपणें जातें, व लग्नापूर्वीं तरुणतरुणींचे संबंध सहज चालतात, असें तिनें लिहिलें. अमेरिकेंत तो ग्रंथ फार खपला. पुढें सामोआंतील पुष्कळांस मात्र तो वाचून आपला अपमान झाला असें वाटलें.

मीड १९७८ सालीं वारली. १९८३ सालीं डेरेक फ्रीमन ह्या पंडितांनीं तिचें वर्णन चुकीचें ठरविलें. सामोआंत कौमार्यास मोठा मान आहे. सरदाराच्या घराण्यांत तौपोउ ह्या पदाची कुमारिका असे व तिचें शील ही साऱ्या गांवाची अब्रू असे, हें त्यांनीं पुढें मांडिलें. १९८७ सालीं मीडच्या एका वृद्ध मैत्रिणीनें, आम्हीं तेव्हां तिची थट्टा केली होती, असें सांगितलें. परंतु २००९ सालीं पॉल शँकमन ह्यांनीं तो पुरावा दुर्बळ असल्याचें दाखविलें. शिवाय मीडच्याच तक्त्यांत, वयांत आलेल्या मुलींपैकीं निम्म्याच्या आसपास मुलींचा पुरुषाशीं संबंध आलेला नव्हता, आणि पाळकाच्या घरीं राहणाऱ्या मुली त्यांत होत्या.

ह्यांत लबाड कोण? आमच्या मतें कोणीही नाहीं. मीड तरुण स्त्री, म्हणून ती मुलींत बसली. फ्रीमन सरदारमंडळींत वावरले. गांवची रीत आजोबांस विचारा व नातीस विचारा. उत्तरें एक येणार नाहींत. शिवाय दोघांनींही आपापला वाद बरोबर नेला होता, आणि जो वाद घेऊन मनुष्य जातो त्याचेंच उत्तर त्यास लवकर ऐकूं येतें.

कोणी म्हणेल, सर्व चालीनेंच घडतें तर पाप व पुण्य हे शब्द व्यर्थ होत. तसें नाहीं. वस्तु कशी घडली हें कळल्यानें ती चांगली कीं वाईट हा प्रश्न मिटत नाहीं. सामोआंत रात्रीं निजलेल्या मुलीजवळ चोरून जाणाऱ्या पुरुषास मोएतोतोलो म्हणतात. मीडनें तें बहुधा हास्यास्पद प्रकरण म्हणून वर्णिलें, फ्रीमन ह्यांनीं त्यास बलात्कार म्हटलें. परंतु तेथील लोक स्वतःच त्यास निंद्य मानितात. ज्या कृत्यांत दुसऱ्याची संमति नाहीं, तें कोणत्याही चालीच्या आड लपूं शकत नाहीं.

म्हणून, बंधुभगिनींनो, अमक्या जातींत शील नाहीं, तमक्या डोंगरी लोकांत लाज नाहीं, असें कोणी सांगूं लागल्यास चार गोष्टी विचाराव्या: हें कोणीं पाहिलें? कोणास विचारिलें? कोणत्या भाषेंत? आणि खरें सांगितलें असतें तर उत्तर देणाराचें काय गेलें असतें? हीं उत्तरें मिळेपर्यंत जिभेस आवर घालावा. शेजाऱ्याविषयीं खोटी साक्ष देण्यास मनांत कपट असावेंच लागतें असें नाहीं. अर्धवट ऐकून पूर्ण सांगितलें, तरी ती दिली जाते.