नामसाम्य आणि कर्मफल

एखाद्या कीर्तिमंत पुरुषाचे आडनाव आपल्याही नावापुढे लागते, एवढ्याच कारणाने मनुष्याला जो सूक्ष्म अभिमान वाटतो, तो निरुपद्रवी म्हणून सोडून देण्यासारखा असला, तरी त्याच्या मुळाशी दर्शनकारांना फार पूर्वीपासून विचारात पाडणारा एक प्रश्न आहे: एकाने केलेल्या कर्माचे फळ दुसऱ्याच्या पदरी पडू शकते काय, आणि पडत असेल तर कोणत्या वाटेने?

केलेले कर्म फळावाचून नष्ट होऊ नये आणि न केलेल्या कर्माचे फळ कोणाला भोगावे लागू नये, असा आपल्या दर्शनांचा सामान्य दंडक असून, त्याचा भंग झाल्यास कृतप्रणाश व अकृताभ्यागम हे दोन दोष ओढवतात. या दंडकाने पाहता आडनावाच्या आधारे भोगलेली कीर्ती हा उघड अकृताभ्यागमच होय. परंतु मीमांसकांनी जातेष्टीचा विचार करताना या दंडकाला एक मर्यादा घातली आहे. पुत्र जन्मल्यावर पिता ही इष्टी करतो आणि तिचे फळ मात्र पुत्राला मिळते, असा त्यांचा निर्णय आहे. म्हणजे फळाचे संक्रमण सर्वथा असंभव नाही. मात्र ते विधीच्या व संकल्पाच्या द्वारे होते, केवळ नात्याच्या किंवा नावाच्या बळावर आपोआप होत नाही.

आमच्याकडे या दोन गोष्टींची गल्लत होण्याला ऐतिहासिक कारणही आहे. देशपांडे, कुलकर्णी, पाटील ही आडनावे एके काळी नुसती नावे नव्हती; त्यांच्यामागे सनदा होत्या, दप्तरे होती, वंशपरंपरेने चालणारे हक्क होते. परगणा व कुलकर्णी वतने 1950 च्या कायद्याने संपुष्टात आली. हक्क गेले आणि आडनावे उरली. कीर्तीच्या बाबतीत मात्र आडनावाला अद्यापि वतन समजण्याची आमची सवय सुटलेली नाही.

भांडारकर या आडनावाचा दाखला घेऊन हा प्रश्न तपासता येतो. मालवणात 1837 साली जन्मलेले, प्रार्थनासमाजाचे आधारस्तंभ व मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झालेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर. त्यांचे पुत्र, पुरातत्त्वज्ञ देवदत्त. कर्नाटकात कुंदापूर येथे 1963 साली निघालेले भांडारकर महाविद्यालय. अलीकडचे चित्रपट-दिग्दर्शक मधुर भांडारकर: या सर्वांना एका ओळीत बसविणारे सूत्र आडनावापलीकडे काय आहे? पिता-पुत्रांतही वारसा फुकट चालत आला नाही. रामकृष्णपंतांनी 1913 साली वैष्णव व शैव पंथांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच सुमारास देवदत्त बेसनगरला, भागवत म्हणवणाऱ्या हेलिओदोरस या यवनाने उभारलेल्या गरुडस्तंभाच्या परिसरात, उत्खनन करीत होते. पित्याने ग्रंथांतून शोधलेल्या वासुदेवभक्तीचा माग पुत्राला मातीतून स्वतःच काढावा लागला.

याच देवदत्तांनी नामसाम्याच्या अभिमानाला शास्त्रीय धक्का दिला, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. हिंदू समाजात बाहेरून आलेल्या गटांचा किती भरणा झाला आहे, याची चर्चा त्यांनी 1911 साली केली. तसेच दत्त, घोष, मित्र अशी बंगालच्या कायस्थांची उपनामे गुजरातच्या नागर ब्राह्मणांतही आढळतात, हे दाखवून दिले. एकच उपनाम दोन दूरच्या प्रांतांत व दोन भिन्न जातींत नांदत असेल, तर त्यावरून आजच्या कुलश्रेष्ठत्वाचा निवाडा कोणत्या पुराव्याने करावा?

आता संकल्पाने होणाऱ्या संक्रमणाचे उदाहरण पाहू. रामकृष्णपंतांच्या वयाला ऐंशी वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, 6 जुलै 1917 रोजी, पुण्यात त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली आणि त्यांनी आपला ग्रंथसंग्रह तिच्या स्वाधीन केला. तेथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 साली त्यांच्याच हस्ते सुरू झाले, पण ते वाहिले कोणी? विष्णु सीताराम सुखटणकरांनी 1925 पासून 1943 मध्ये देह ठेवीपर्यंत संपादकत्व सांभाळले. पुढे श्रीपाद कृष्ण बेलवलकर व परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते चालविले आणि 1966 साली तडीस नेले. यांतील एकाचेही आडनाव भांडारकर नव्हते. तरीही त्या पुस्तकांचा आणि त्या शोधकवृत्तीचा खरा वारसा त्यांनाच पोचला.

शास्त्राने पितृऋण संततीने फेडावे व ऋषिऋण अध्ययनाने फेडावे असे सांगितले आहे. ही दोन खाती निरनिराळी आहेत, आणि आडनावाचा संबंध पहिल्या खात्याशीच पोचतो. विद्येचे श्रेय दुसऱ्या खात्यात जमा होते. म्हणून थोर माणसाचे आडनाव लावणाऱ्याला त्या थोरवीत वाटा मागायचा असेल, तर त्याने परक्या आडनावाच्या विद्यार्थ्याबरोबर त्याच ग्रंथालयात बसून तेवढेच श्रम केले पाहिजेत. त्यात त्याला कोणतीही सवलत नाही, आणि परक्यालाही कोणतीच आडकाठी नाही.