दोन डेसिबल

"तू सांगितलंस म्हणून घेतलं रे त्याने."

मावशी हे चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माहिती देत होती. गणपतीला कधी येऊ, हे विचारायला मी फोन केला होता आणि बोलता बोलता विषय गिरणीच्या मोटरवर गेला. कराडजवळच्या गावात मावशीची पिठाची गिरणी आहे. मोटर उन्हाळ्यापासून तापतेय. माझा धाकटा मावसभाऊ चाकणला एका कारखान्यात ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागला, तेव्हा पहिल्या काही पगारांतून नवी मोटर घेऊ असं त्याने कबूल केलं होतं. आता तो म्हणतोय, पुढच्या वर्षी बघू. कारण त्याने 'ते गाण्याचं यंत्र' हप्त्यांवर घेतलंय. १२ हप्ते, महिन्याला साधारण १,८५० रुपये.

ते यंत्र म्हणजे डॅक. डिजिटल फाइलमधल्या आकड्यांचं स्पीकरला समजेल अशा विद्युत लहरीत रूपांतर करणारी, डब्याएवढी पेटी. तशी एक तुमच्या फोनमध्येही असते, पण आम्हा हौशी लोकांना वेगळी लागते. माझ्याकडे दोन आहेत. एक जुना, कॉलेज संपल्यावर घेतलेला. आणि एक नवा, २२ हजारांचा, जो माझ्याकडे ऐकून मावसभावाने घेतला.

तो रविवार मला नीट आठवतो. त्याला मी बरोबर मधल्या खुर्चीत बसवलं, दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर. आधी जुन्या डॅकवर किशोरीताईंचा भूप लावला. मग काही न बोलता नवा सुरू केला. अर्ध्या मिनिटात तो सरळ होऊन बसला. म्हणाला, "दादा, स्पीकरवर कुणी गोधडी टाकली होती, ती काढल्यासारखं वाटतंय." मला जो आनंद झाला त्याला तोड नाही. हौस एकट्याची असते तेव्हा ती थोडी वेडसर वाटते. दुसऱ्यालाही तेच ऐकू आलं की ती एकदम ज्ञान होऊन बसते.

आता खरी गोष्ट. जुन्या डॅकचं आउटपुट २ व्होल्ट आहे, नव्याचं २.५. हे दोन्हींच्या माहितीपत्रकात छापलेलं आहे. बारावीच्या गणिताने हिशोब केला तर हा फरक जवळजवळ २ डेसिबलचा होतो. म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आवाजाच्या खुंटीला हात न लावता नुसता डॅक बदलला तरी नवा थोडा मोठ्याने वाजतो. आणि ऑडिओच्या नादाला लागलेल्या प्रत्येकाला पहिल्या वर्षी कळणारी गोष्ट ही की इतका लहान फरक कानाला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. जास्त स्पष्ट, जास्त मोकळा. शोरूममध्ये विकायची वस्तू अंमळ मोठ्याने लावण्याची युक्ती फार जुनी आहे.

मला हे माहीत होतं का? होतं. त्या रविवारी आठवलं होतं का? इथे माझी गाडी अडते. मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही, कारण नव्या डॅकवर माझा पूर्ण विश्वास होता. पण आवाज मोजून सारखा करायला पाच मिनिटं लागली असती, मल्टिमीटर कपाटातच होता, आणि मी तो काढला नाही.

मावशीच्या फोननंतर त्या रात्री काढला.

माझ्या रूममेटला या सगळ्या प्रकाराबद्दल फक्त वीजबिलापुरती आस्था आहे, त्यामुळे परीक्षक म्हणून तो उत्तम. दोन्ही डॅक ॲम्प्लिफायरला जोडले. एक स्थिर सूर वाजवून स्पीकरच्या तारांवरचं व्होल्टेज मोजलं आणि नव्याचा आवाज उतरवून दोन्ही सारखे केले. मग मी स्पीकरकडे तोंड करून बसलो, तो माझ्या मागे रिमोट घेऊन. नाणं उडवायचं, छापा आला तर जुना, काटा आला तर नवा, आणि मी ओळखायचं. असं १६ वेळा. नुसत्या अंदाजाने १६ पैकी ८ बरोबर यायला हवेत. १२ किंवा जास्त आले तर नशीब म्हणून सोडून देता येत नाही, कारण निव्वळ नशिबाने तेवढे येण्याची शक्यता शंभरात चारच्या आसपास आहे.

माझे ९ आले.

आकड्यापेक्षा मला दुसरंच लागलं. ओळखताना मी अंदाज करत नव्हतो. मला खात्री होती. एकदा तर मी डोळे मिटून म्हणालो, "हा नवा. तानपुऱ्याची जवारी बघ कशी खुलतेय." तो जुना होता. रूममेट काही बोलला नाही, फक्त वहीत फुली मारली. त्या फुलीचा आवाज मात्र मला अगदी स्वच्छ ऐकू आला.

माझ्याहून तयारीचे लोक इथे आपटलेत. २००७ साली मेयर आणि मोरन या दोघांनी अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च दर्जाचं रेकॉर्डिंग थेट, आणि तेच सीडीच्या दर्जाला, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झला उतरवून, अशी आलटून पालटून ऐकवणी. ५५४ वेळा ऐकवलं, २७६ वेळा बरोबर. म्हणजे नाणंच. न्याय म्हणून हेही सांगतो की २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा बऱ्याच प्रयोगांचे आकडे एकत्र केले तेव्हा फरक थोडासा ओळखू येतो असं निघालं, ५२ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा 'काहीच नसतं' असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण दोन टक्क्यांसाठी कुणी गोधडीची उपमा वापरत नाही.

ऑफिसात कुणा ज्युनिअरने "कोड आता फास्ट वाटतोय" म्हटलं की मी लगेच विचारतो, किती मिलिसेकंदांनी? आकडा दाखव. घरी मामाच्या बोटातल्या पुष्कराजाला मी दहावीपासून हसत आलोय. आणि तोच मी, जवारी खुलतेय म्हणून सांगत होतो.

पण मग हा प्रश्न उरतो: नव्या डॅकवर नऊ महिने ऐकलेल्या गाण्याचा आनंद खोटा होता का?

मला तसं वाटत नाही. आनंद झाला होता. त्याचं मी दिलेलं कारण चुकलं होतं. ज्याच्याकडे गाडी आहे त्याला हे विचारा. रविवारी सकाळी गाडी धुवायची, काचा पुसायच्या, आणि मग हायवेवर काढायची. हलकी पळते! माझी सेकंडहँड हॅचबॅक तर धुतल्यावर गिअरसुद्धा लोण्यासारखे टाकते. गिअरबॉक्सला साबण लागलेला नाही हे मलाही कळतं. महिन्यातून एकदा मी तिच्यात महागातलं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोलही भरायचो. ऑक्टेनचा आकडा पेट्रोलमधली ताकद दाखवत नाही. दाबाखाली ते वेळेआधी किती पेटत नाही एवढंच तो सांगतो. माझ्या साध्या इंजिनला त्याचा उपयोग शून्य. तरी पंपावरून निघताना मी सरळ बसायचो. 'हौसेला मोल नाही' म्हणतात ते अशा वेळी मला पटतं. पैसे माझे, गाडी माझी, भ्रमही माझा. कुणाच्या बापाचं काय गेलं?

कुणाच्या आईचं गेलं, हे मावशीच्या फोनवर कळलं.

विल्यम किंग्डन क्लिफर्ड नावाचा एक इंग्रज गणिती होता. ग्राफिक्स किंवा रोबोटिक्समध्ये काम करणाऱ्यांना क्लिफर्ड अल्जिब्रा माहीत असेल, तोच हा. क्षयाने ३३व्या वर्षी गेला. त्याने १८७७ साली विश्वास ठेवण्याच्या नीतीवर एक निबंध लिहिला आणि त्याची सुरुवात एका जहाजमालकापासून केली. जहाज जुनं आहे, डागडुजी लागणार हे त्याच्या मनात येतं. खर्च मोठा आहे. मग तो स्वतःची समजूत काढतो: इतक्या सफरी झाल्या, इतकी वादळं सोसली, आताही जाईल. हळूहळू त्याला मनापासून खात्री वाटू लागते. स्थलांतर करणारी कुटुंबं घेऊन जहाज निघतं, भर समुद्रात बुडतं, आणि मालक विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्डचं म्हणणं असं की त्याचा विश्वास प्रामाणिक होता, याने त्याचा दोष कमी होत नाही. शंका दाबून मिळवलेल्या विश्वासावर त्याचा हक्कच नव्हता. आणि पुढे तो म्हणतो की जहाज सुखरूप पोचलं असतं तरी दोष तेवढाच.

डॅक म्हणजे जहाज नव्हे. कुणी बुडालं नाही, एक मोटर लांबली. पण कपाटातल्या मल्टिमीटरकडे न बघणारा मी आणि तो मालक एकाच जातीचे, हे वाचताना मला टाळता आलं नाही. 'मला आवडतं' एवढंच मी म्हणालो असतो तर ती माझी गोष्ट होती. मी म्हणालो, "हा चांगला आहे, घे." हे जगाबद्दलचं विधान झालं. तेही अशा मुलाला, जो दहावीपासून मोबाईलपासून कॉलेजच्या ब्रँचपर्यंत सगळं मला विचारून घेतो.

क्लिफर्डला विल्यम जेम्सने १८९६ मध्ये उत्तर दिलं, आणि सायकल चालवणाऱ्याला जेम्स पटतो. पाषाणच्या टेकडीमागे एक उतार आहे, त्यात गुडघ्याएवढी एक दगडी पायरी. तिथे 'जमेल' असं वाटून गेलात तर जमतं. शेवटच्या क्षणी शंका येऊन पुढचा ब्रेक दाबलात तर हँडलवरून जाता, आणि माझ्या डाव्या कोपरावर त्याचा पुरावा आहे. जेम्सनेही एका निबंधात दरीवरून उडी मारणाऱ्या गिर्यारोहकाचं उदाहरण दिलंय. काही ठिकाणी विश्वास आधी लागतो, पुरावा त्यातून तयार होतो. खरंय. फक्त टेकडीची गंमत अशी की ती उत्तर देते. ट्यूबलेस केल्यावर मी टायरची हवा ४० पीएसआयवरून २७वर आणली, एक पैसा खर्च झाला नाही, आणि सुट्या खडीवर मागचं चाक सरकायचं थांबलं. ते भास म्हणून सोडता येत नाही, मी पडायचो तिथे पडत नाही. सोफ्यावर बसून गाणं ऐकणाऱ्याला असं कुणी पाडत नाही. त्यालाच स्वतःला पाडावं लागतं, आणि ते काम माणूस पुढे ढकलतो.

मी मावसभावाला फोन करून सगळं सांगितलं. व्होल्ट, डेसिबल, नऊ. म्हणालो, तुझा डॅक मी पूर्ण किमतीला घेतो, राहिलेले हप्ते माझ्याकडे. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "दादा, मला फरक ऐकू येतो." पुढे म्हणाला, "शिफ्टवरून आल्यावर तेवढंच बरं वाटतं."

यावर काय बोलायचं? त्यालाही खुर्चीत बसवून नाणं उडवता येईल. पण मग त्याचे हप्ते राहतील आणि आनंद जाईल. मी त्याला एकदा न मागता विश्वास दिला, आता न मागता काढून घेऊ? क्लिफर्ड म्हणेल, बसव त्याला. पण क्लिफर्डला चाकणच्या खोलीवर रात्री अकराला परत जायचं नव्हतं. मी आग्रह केला नाही. हा समंजसपणा की पुन्हा तोच मल्टिमीटर कपाटात ठेवणं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गणपतीत कराडला गेलो. मोटरचं रिवाइंडिंग करून घ्यायचं ठरलं, नवी नाही. पैसे मी देतो म्हटल्यावर मावशीने अर्धेच घेतले. दुपारी गिरणी चालू होती. ती माझ्याशी बोलत होती, शेजारणीचे गहू ओतत होती, आणि मधेच थांबून म्हणाली, "दगड बोलतोय बघ. टाकी लावायला हवी." मला घरघरीखेरीज काही ऐकू येत नव्हतं. तिने सुपाखालून चिमूटभर पीठ घेतलं, अंगठ्याने बोटावर चोळलं आणि माझ्या हातावर ठेवलं. रवाळ होतं.

परवा मावसभावाचा मेसेज आला. केबल कोणती घेऊ, एक साडेचार हजारांची चांगली म्हणतात. मी लिहिलं, तीनशेवाली घे. आणि माझ्याकडे येऊन दोन्ही ऐकायच्या असतील तर ये, पण या वेळी आवाज मोजून सारखा करणार आणि तू स्पीकरकडे तोंड करून बसणार.

दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही.