योग आणि क्षेम

मनुष्याने आपल्या ऐपतीपलीकडच्या वस्तूची हाव धरू नये, हा उपदेश इतका जुना आहे की त्याविषयी कोणी वाद घालीत नाही. आणि वाद नसल्यामुळेच त्याचा अर्थही कोणी नीट तपासून पाहात नाही. ऐपत म्हणजे नेमके काय? एखादी वस्तू विकत घेण्याइतके पैसे गाठीस असले म्हणजे ती वस्तू आपल्या ऐपतीतली झाली, असे आपण सामान्यतः धरून चालतो. ही समजूत किती अपुरी आहे हे पाहावयाचे असेल, तर अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत वारंवार निघणारा एक विषय घ्यावा. तो विषय म्हणजे जुनी, परंतु उंची मोटार.

मर्सिडीज-बेंझसारख्या नामांकित जर्मन गाड्या १९९५ सालापासून पुण्याजवळ पिंपरीस व २००९ पासून चाकणला तयार होऊ लागल्या. तेव्हापासून या गाड्या आपल्याकडच्या मध्यमवर्गाच्या डोळ्यांपुढून नित्य जात आहेत. त्यांची नवेपणीची किंमत ऐकून नोकरदार गृहस्थ निमूटपणे दृष्टी दुसरीकडे वळवितो. परंतु दहा वर्षे लोटली की तीच गाडी एका साध्या नव्या मोटारीच्या किमतीत विकावयास येते, आणि मग दृष्टी परत वळते. समजा, पन्नास लाखांची गाडी दहा लाखांस मिळत आहे. रंग तसाच, आसनांचे चामडे तसेच, दार लागतानाचा तो भारदस्त आवाजही तसाच. चाळीस लाखांची सूट मिळत असता ती नाकारणे हाच मूर्खपणा नव्हे काय, असा प्रश्न घरातला तरुण मुलगा विचारतो, आणि बापासही लागलीच उत्तर सुचत नाही.

उत्तर आपल्याच भाषेतल्या एका शब्दात आहे. 'योगक्षेम' हा शब्द आपण उदरनिर्वाह अशा ढोबळ अर्थाने वापरतो. आयुर्विमा महामंडळाने तो गीतेतून उचलून आपल्या बोधवाक्यात घातल्यामुळे तो घरोघर पोचलाही आहे. पण हा जोडशब्द आहे, आणि शंकराचार्यांनी गीताभाष्यात त्याची फोड करून ठेविली आहे. जे मिळालेले नाही ते मिळविणे हा योग. जे मिळाले आहे त्याचे रक्षण करणे हा क्षेम. संसाराचे हे दोन खांब प्राचीनांनी एकाच शब्दात बांधिले, याचे कारण एकावाचून दुसरा उभा राहात नाही. आपण मात्र त्यांची फारकत केली आहे. योगाचा हिशेब आपण रुपया-पैशापर्यंत मांडतो; क्षेमाचा हिशेब 'पुढचे पुढे पाहू' या तीन शब्दांत आटोपतो.

आता त्या मोटारीकडे पाहू. तिची किंमत उतरते ती बाजारातली. तिच्या अंगच्या भागांची किंमत मुळीच उतरत नाही. गिअरबॉक्स, ब्रेकच्या तबकड्या, हवेच्या दाबावर गाडी तोलून धरणारे सस्पेन्शन, इंजिनावर हुकूम चालविणारी विजेची उपकरणे, ही सर्व पन्नास लाखांच्या गाडीची म्हणून तयार झालेली असतात, आणि ती बदलताना बिलही पन्नास लाखांच्या गाडीचेच येते. गाडी दहा लाखांस घेतली ही गोष्ट कारखान्यास ठाऊक नसते, आणि मेकॅनिकास ठाऊक असून उपयोग नसतो. समजा, अशा गाडीच्या देखभालीस सरासरीने वर्षाकाठी दीड लाख रुपये लागतात. पहिल्या मालकाच्या दृष्टीने तो त्याच्या वस्तूच्या किमतीचा शेकडा तीन भाग होता. दुसऱ्या मालकाच्या दृष्टीने तो शेकडा पंधरा झाला. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण ज्याने प्रथम उच्चारिली, त्याने मोटार पाहिली नसेल. पण हिशेब मात्र अचूक केला होता.

येथे लोकांची एक चूक नेहमी होते. ते भितात पेट्रोलला. वस्तुतः पेट्रोलचा खर्च भिण्याजोगा नाही, कारण तो मोजता येतो. वर्षाला आठ हजार किलोमीटर फिरणारी गाडी शहरात लिटरास आठ किलोमीटर चालली तर एक हजार लिटर लागेल. सोळा चालणाऱ्या लहान गाडीस पाचशे. शंभर रुपये दर धरला तर फरक वर्षाला पन्नास हजारांचा, म्हणजे महिन्याला चार हजारांहून थोडा अधिक. विम्याचेही तसेच. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा जो विमा कायद्याने उतरवावाच लागतो, त्याचा दर गाडीच्या किमतीवर नसून इंजिनाच्या आकारावर असतो. २०२२ साली ठरलेल्या दरांत हजार सी.सी.पर्यंतच्या गाडीस २,०९४ रुपये, तर पंधराशेच्या वरील गाडीस ७,८९७ रुपये होते. म्हणजे गाडी म्हातारी झाली म्हणून येथे सवलत नाही. पण हाही आकडा आधी कळणारा आहे.

भय आहे ते न कळणाऱ्या आकड्याचे. रबर, प्लास्टिक व निरनिराळी सीले ही अंतराने जितकी झिजतात तितकीच नुसत्या काळाने कडक होऊन फुटतात. म्हणून 'फारच कमी चाललेली' ही विक्रेत्याची प्रशस्ती दिसते तितकी दिलासा देणारी नाही. हवेच्या सस्पेन्शनचा रबरी फुगा एके दिवशी फाटतो आणि सकाळी गाडी एका कुशीवर बसलेली आढळते. अशी झीज नेहमीच्या विम्यात बसत नाही. आणि अपघाताच्या दुरुस्तीतही, निराळा जादा विमा उतरविला नसेल तर, रबर व प्लास्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात. शिवाय खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती नवी करून घ्यावी लागते, व महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. दहा वर्षांची गाडी घेणाराने पहिल्या मुदतीची पाचच वर्षे विकत घेतलेली असतात.

धनिकाचे आणि पगारदाराचे खरे अंतर येथे दिसून येते. धनिकाजवळ पैसा अधिक असतो एवढेच नव्हे. त्यास अवेळी आलेला खर्च सोसतो. पगारदाराचे जीवन महिन्याच्या मापाने कापलेले असते. वर्षाला दीड लाख ही रक्कम तो एखादे वेळी भरूही शकेल. पण दोन वर्षे काहीच न लागता तिसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये, मुलीच्या प्रवेशाची फी भरावयाच्या आठवड्यात, एकदम साडेचार लाख लागले तर सरासरीचे गणित त्याच्या कामी येत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे. पण काही पाय असे असतात की ते मध्यरात्री अकस्मात लांब होतात.

यावर कोणी म्हणेल की, हा सर्व कृपणाचा युक्तिवाद आहे. सुखाची हौस ही काय पाप आहे? मुळीच नाही. त्या गाडीत केवळ मिरविणे असते असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिची घडण, तिची स्थिरता, लांबच्या प्रवासात पाठीस मिळणारा आराम हे गुण खरे आहेत, आणि उत्तम कारागिरीची आवड हे रसिकतेचेच एक अंग आहे. उलट, जुनी वस्तू टाकून न देता तिची निगा राखून ती आणखी दहा वर्षे चालविणारा मनुष्य दर तीन वर्षांनी नवी गाडी घेणाऱ्यापेक्षा मला अधिक आदरणीय वाटतो. आपल्या आजीने तांब्या-पितळेची भांडी कल्हई लावून दोन पिढ्या वापरली, यात जी सभ्यता होती तीच यातही आहे. प्रश्न हौसेचा नाही. कल्हईचे पैसे बाजूस ठेविले आहेत की नाहीत, हा प्रश्न आहे.

आणि तो ज्याचा त्याचा खासगी प्रश्न आहे असेही म्हणता येत नाही. मला या विषयात नीतीचा प्रश्न दिसतो तो येथेच. ऐपतीबाहेर जाणारा मनुष्य स्वतःचेच नुकसान करतो, मग इतरांनी त्यात का पडावे, असे आपण म्हणतो. पण क्षेमाचा खर्च मालकाने केला नाही म्हणून तो नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर जाऊन पडतो. ब्रेकच्या कामास पुरते पैसे नाहीत म्हणून गृहस्थ म्हणतो, 'आणखी दोन महिने चालेल.' टायर गुळगुळीत झाले आहेत, पण त्या मापाचे चार टायर एकदम घेणे जड जाते. अशी दीड-दोन टनांची गाडी द्रुतगती मार्गावर त्या गाडीस शोभेल अशा वेगाने धावत असते, आणि दुरुस्तीचे न दिलेले पैसे पुढच्या लहान गाडीतल्या कुटुंबाकडून वसूल होण्याचा संभव असतो.

दुसरी वाट अधिक सभ्य दिसते, म्हणून अधिक धोक्याची आहे. गिअरबॉक्समध्ये बिघाड सुरू झाल्याचे मेकॅनिकाने सांगितले, खर्चाचा आकडा ऐकून छाती दडपली, आणि मालकाने ठरविले की गाडी विकून टाकावी. गाडी अजून चालते आहे. विचारले तर खोटे बोलावयाचे नाही. पण आपण होऊन सांगावयाचे कशाला?

हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी जसाच्या तसा चर्चिला गेला आहे. रोमन पंडित सिसेरो याने इ. स. पूर्व ४४ मध्ये आपल्या पुत्रासाठी कर्तव्यावर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात घर विकणाऱ्या एका मनुष्याचे उदाहरण आहे. घराचे लाकूड कुजके आहे, खोल्यांतून साप-किरडू निघते, आणि हे एकट्या मालकास ठाऊक आहे. त्याने ते गिऱ्हाइकास सांगावे काय? डायोजेनीस या स्टोइक आचार्याच्या मते तसे बंधन नाही. घर घेण्याची बळजोरी कोणी केली नव्हती, आणि आपल्याच मालाचे दोष ओरडून सांगणारा विक्रेता वेडाच म्हणावा लागेल. त्याचा शिष्य अँटिपेटर याचे मत उलट पडले: न सांगणे म्हणजे वाट चुकलेल्यास जाणूनबुजून वाट न दाखविणे. सिसेरोने कौल शिष्याच्या बाजूने दिला. प्रत्येक मौन लबाडी नसते. परंतु आपला लाभ व्हावा म्हणून दुसऱ्याने अज्ञानात राहावे अशी इच्छा धरणे ही लबाडीच होय, हा त्याच्या निर्णयाचा मथितार्थ आहे.

अशा मौनाचा बाजारावर काय परिणाम होतो, हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ याने १९७० साली लिहिलेल्या निबंधात दाखविले, आणि त्याचे उदाहरण जुन्या मोटारींचेच होते. विकणारास दोष ठाऊक, घेणारास नाही. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीस सदोष गाडीचा संशय धरूनच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून निघून जातात, आणि उरतो तो बहुधा वाईट मालच. या विषयातील कार्यासाठी त्यास २००१ साली इतर दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे एकाच्या मौनाने एकच गिऱ्हाईक फसते असे नाही. पुढच्या प्रामाणिक विक्रेत्याच्या शब्दाचीही किंमत कमी होते.

आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, असे मौन धरणारा गृहस्थ जात्या लबाड नसतो. तो मुलांस खरे बोलावयास शिकविणारा, कर वेळेवर भरणारा सज्जन असतो. त्यास या वळणावर आणले ते दुष्टपणाने नव्हे. दोन वर्षांपूर्वी न मांडलेल्या एका बेरजेने आणले. आपली नीती आपल्या स्वभावावर अवलंबून असते असे आपण मानतो. ती पुष्कळ अंशी आपल्या हिशेबावरही अवलंबून असते. ज्यास खरे बोलणे परवडेल अशी परिस्थिती राखणे, हेही सत्यनिष्ठेचेच एक अंग आहे.

मग अशी गाडी घेऊच नये काय? ज्यास हवी त्याने अवश्य घ्यावी, पण क्रम उलटा करून घ्यावी. आधी क्षेम, मग योग. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या जाणत्या मेकॅनिकाकडून गाडी तपासून घ्यावी; दुरुस्तीची जुनी बिले मागावीत, आणि ती नसतील तर स्वस्ताईचा मोह सोडावा; मुख्य भागांचे आजचे दर विचारून, त्यांतले दोन मोठे भाग एकाच वर्षी गेले तर लागेल तितकी रक्कम गाडीच्या किमतीव्यतिरिक्त बाजूस काढावी. ती काढल्यावर मुलांचे शिक्षण व म्हाताऱ्यांचे औषधपाणी यांस धक्का लागत नसेल, तर गाडी ऐपतीतली आहे. लागत असेल, तर दहा लाख रोख मोजूनही ती ऐपतीबाहेरचीच आहे.

हेच माप घरास, बागेस, किंबहुना सार्वजनिक कामांसही लावून पाहावे. पूल बांधताना समारंभ होतो. त्याची डागडुजी करणाराच्या गळ्यात कोणी हार घालीत नाही. मिळविण्याचा दिवस एकच असतो; सांभाळण्याचे दिवस त्यानंतर रोज उजाडतात, आणि वस्तू खऱ्या अर्थाने कोणाची, हे तेच दिवस ठरवितात.