गुरूची अनुपस्थिती आणि शिष्याचे कर्तृत्व

कथेतील मार्गदर्शक पात्र नायकाला वाट दाखवते, असे सामान्यतः मानले जाते. परंतु वाट दाखविणे वेगळे आणि चालण्याचे उत्तरदायित्व स्वतःकडे घेणे वेगळे. हा भेद जितका कथनमीमांसेचा तितकाच नीतीचाही आहे. रोल-प्लेइंग व्हिडिओ गेममध्ये तो अधिक तीव्र होतो, कारण नायकाच्या कृतीची निवड तेथे खेळाडूलाच करावी लागते. मार्गदर्शकाच्या शब्दानुसार घडलेली कृती नेमकी कोणाची, हा प्रश्न मग टाळता येत नाही.

१९९८ च्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये नायकाचा पालनकर्ता गोरायन आरंभीच मारला जातो. ताटातूट झाल्यास कोणत्या सराईत कोणाला भेटावे, हे मात्र त्याने सांगून ठेवलेले असते. त्याच्या मृत्यूने निवारा संपतो आणि शोध सुरू होतो. तथापि गुरू गेला तरी त्याचा अधिकार नाहीसा होत नाही. तो कामांच्या नोंदवहीकडे आणि अनुभवगुणांकडे हस्तांतरित होतो. उपदेश आणि लाभ एकाच दिशेने जात असल्यामुळे आज्ञापालन हे विवेकाचे फळ आहे की हिशेबाचे, हे ओळखणे कठीण होते.

२००४ च्या ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २’मधील क्रेया ही वृद्ध गुरू नेमक्या याच सोयीवर बोट ठेवते. एका प्रसंगी भिकारी पैसे मागतो. पैसे दिले तर दुसरा कोणी त्यालाच लुटतो, झिडकारले तर तो दुसऱ्या कोणाला लुटतो. दोन्ही वेळा क्रेया खेळाडूची कानउघाडणी करते. दयेचे परिणाम दया करणाऱ्याच्या हाती नसतात, हा तिचा आशय गंभीर आहे. परंतु दोन्ही परिणाम आधीच लिहिलेले असल्याने तिचे म्हणणे खोटे पाडण्याची संधी खेळाडूला नाही. शिवाय तिला रुचणारी उत्तरे दिली की तिच्यावरील प्रभाव वाढतो आणि नवे संवाद खुले होतात. परिणामी, स्वतंत्र विचाराचा आग्रह धरणाऱ्या गुरूसमोर खेळाडू तिच्या मर्जीची उत्तरे निवडू लागतो.

ही कोंडी मराठी साहित्याला अपरिचित नाही. मराठीचे आद्य गद्यच गुरुशिष्यसंबंधातून निर्माण झाले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या ‘एकांक’ भागात चक्रधरस्वामी एकाकी भ्रमण करतात. पुढील भागांत भक्तपरिवार येतो, आणि अनेक लीळा भक्तांच्या प्रश्नांमुळे व शंकांमुळे आकार घेतात. येथे कथा पुढे नेतो तो केवळ गुरूचा उपदेश नव्हे, शिष्याची पृच्छाही. ग्रंथही गुरूने लिहिलेला नाही. स्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी मिळवून तो सिद्ध केला.

‘स्मृतिस्थळा’त या अनुपस्थितीची खरी कसोटी दिसते. केशिराज संस्कृतात ग्रंथरचना करू पाहतात तेव्हा नागदेवाचार्य त्यांना थांबवतात. संस्कृत न जाणणाऱ्या वृद्ध स्त्रिया त्या ज्ञानाला मुकतील, हे त्यांचे कारण. स्वामींनी मराठीतूनच निरूपण केले होते, म्हणून हेही आज्ञापालनच, असा आक्षेप घेता येईल. तो पूर्णतः ग्राह्य नाही. नागदेवाचार्यांच्या उत्तरात गुरूच्या नावाचा धाक नाही, इतरांच्या हानीची जाणीव आहे. गुरूची रीत त्यांनी स्वतःचे कारण देऊन पुन्हा स्वीकारली. शाबासकी देणारा समोर नव्हता. अनुकरण आणि उत्तरदायित्व यांतील सीमारेषा येथे आहे.

गेममधील सर्व पर्याय पूर्वलिखित असतात, म्हणून तेथे नैतिक कृती संभवत नाही, असा निष्कर्ष मात्र उतावळा ठरेल. पर्याय रचनाकाराचे असले तरी निवडीमागील कारण खेळाडूचे असू शकते. अडचण पर्यायांच्या मर्यादेची नसून बक्षिसाची आहे. जेथे उपदेश मानल्याने काही मिळत नाही आणि नाकारल्याने काही हिरावले जात नाही, तेथेच ते कारण उघड होते. मार्गदर्शक पात्राचे मोल त्याने कथा किती पुढे ढकलली यावर ठरविणे म्हणूनच अपुरे आहे. त्याच्या पश्चात शिष्याला आपल्या कृतीचे कारण स्वतःच्या शब्दांत सांगता येते की नाही, हा निकष अधिक कठोर आहे, आणि अधिक न्याय्यही.