मग काढायचं कोणाला?

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भारताचा संघ रोज निवडला जातो आणि त्यात तेरा-चौदा खेळाडू सहज असतात. "शिवलकरला घ्यायलाच हवं होतं," असं कुणीतरी ठणकावतं, माना डोलतात. मग एखादा खट म्हातारा विचारतो, "बरं, घेतला. काढायचं कोणाला?" आणि सगळ्यांना एकदम आपला चहा थंड होत असल्याचं आठवतं.

हा प्रश्न टाळून केलेली निवडीची चर्चा म्हणजे नुसती हळहळ. हळहळीला अकरांचं बंधन नसतं.

मुंबईचे डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर यांच्यासाठी हळहळायला कारणही भक्कम आहे. प्रथम श्रेणीचे १२४ सामने, ५८९ बळी, सरासरी विसाच्या आत. कसोटी एकही नाही. १९७२-७३चा रणजीचा अंतिम सामना घ्या. चेपॉकची खेळपट्टी अशी, की चेंडू पडला की वळलाच. मुंबई १५१त गारद झाली, तेव्हा तमिळनाडूला करंडक दिसू लागला असेल. शिवलकरांनी १६ धावांत ८ बळी घेतले आणि तमिळनाडूचे ८० झाले. दुसऱ्या डावात १८ धावांत ५. तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर सामना खलास! मुंबईचं ते सलग पंधरावं अजिंक्यपद.

'पात्र' हा शब्द मला या संदर्भात नेहमी छळतो. पात्र म्हणजे भांडं, पात्र म्हणजे नदीची रुंदी, आणि नाटकातलं सोंगही पात्रच. पात्रता आपण पहिल्या दोन अर्थांनी मोजतो, किती मावतं, किती रुंद आहे. निवड मात्र तिसऱ्या अर्थानं होते. नाटकात राजा एकच असेल, तर दुसरा कितीही राजबिंडा नट विंगेतच उभा राहतो.

इथे राजा होता बिशनसिंग बेदी, तोही डावखुरा फिरकीपटू. ६७ कसोट्या, २६६ बळी. त्याला काढून शिवलकरांना घ्या, असं म्हणायची छाती अस्सल मुंबईकरालाही होत नाही. हरियाणाचे डावखुरे फिरकीपटू राजिंदर गोयलही याच रांगेत उभे होते. त्यांचे प्रथम श्रेणीत ७५० बळी, कसोट्या शून्य. सुनील गावसकरांनी 'आयडॉल्स' या पुस्तकात आपल्या आवडत्या खेळाडूंत शिवलकर आणि गोयल या दोघांनाही जागा दिली. फलंदाजानं दिलेलं हे प्रशस्तिपत्र निवड समितीच्या यादीपेक्षा मला जास्त विश्वासाचं वाटतं.

तर 'बेदी होता म्हणून' हे उत्तर बिनतोड आहे, असं मीही बरीच वर्षं मानत होतो. पण १९७४च्या नोव्हेंबरात बंगळूरला वेस्ट इंडीजविरुद्ध बेदी नव्हता. शिस्तीच्या कारणावरून बोर्डानं त्याला बाहेर ठेवलं होतं. राजाच्या एंट्रीला राजाच गैरहजर! गोयल संघाबरोबर होते, खेळणार असं सगळे धरून चालले होते. सकाळी अकरा जाहीर झाले आणि ते बारावे ठरले. चंद्रशेखर खेळला, आणि जोडीला प्रसन्ना व व्यंकटराघवन असे दोन ऑफस्पिनर. भारत २६७ धावांनी हरला.

पराभवाचं खापर त्या निवडीवर फोडण्यात अर्थ नाही. ग्रीनिज, रिचर्ड्स आणि लॉइड समोर होते. पण त्या सकाळी 'बेदी होता' ही सबब उरली नव्हती. गोयल यांना खेळवायलाच हवं होतं, एका ऑफस्पिनरला बसवून. दोघांतल्या नेमक्या कोणाला, असं त्या म्हाताऱ्यानं विचारलं, तर मीही चहाच्या कपाकडे बघेन.