हँडब्रेकची तार आणि सत्य

गाडीच्या डॅशबोर्डवरचा छोटा स्क्रीन सुरू करायला मोजक्याच तारा लागतात. पिवळी तार बॅटरीशी कायमची जोडलेली असते; गाडी बंद असली तरी तिच्यातून 12 व्होल्ट मिळत राहतात आणि सेटिंग पुसले जात नाही. लाल तारेत किल्ली फिरवल्यावरच वीज येते, त्यामुळे रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी उतरत नाही. काळी तार गाडीच्या बॉडीला, म्हणजे अर्थला, जोडतात. व्हिडिओ दाखवणाऱ्या अनेक संचांना याखेरीज आणखी एक बारीक तार असते, बहुधा फिकट हिरव्या रंगाची. ती हँडब्रेकच्या स्विचपर्यंत न्यायची असते. हँडब्रेक ओढला की स्विचमधून अर्थ मिळतो, डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो आणि गाडी उभी असल्याचे त्याच वाटेने स्क्रीनला कळते. मगच तो चित्रपट दाखवतो. हे सगळे टाळण्याची युक्ती फिटर लोकांना ठाऊक असते: हिरवी तार हँडब्रेककडे न नेता काळीलाच जोडून टाकायची. मग गाडी ताशी 80 किलोमीटरने धावत असली, तरी स्क्रीनच्या लेखी हँडब्रेक ओढलेलाच असतो. दोन तारांच्या या जोडणीतून नीतिशास्त्राचा एक खरा प्रश्न उभा राहतो. यंत्राला खोटे सांगणे हे असत्य आहे काय?

पहिले उत्तर नकारार्थी येते, आणि ते उथळ नाही. असत्याला बोलणारा लागतो, तसा ऐकणाराही लागतो. संत ऑगस्टिनने असत्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यात फसवण्याच्या हेतूला मध्यवर्ती स्थान आहे; आणि ज्याला मनच नाही त्याला फसवणार कसे? स्क्रीनला श्रद्धा नाही, अपेक्षा नाही, अपमान नाही. त्याच्या एका टोकाला विजेचा दाब बदलला, एवढेच घडले. ‘यंत्राला फसवले’ हा नुसता बोलण्याचा प्रकार झाला, असे कोणी म्हणेल.

पण हे उत्तर मान्य केले, तर सगळ्या संस्कृतींनी पूर्वापार पाप आणि गुन्हा मानलेली एक गोष्टही निर्दोष ठरेल. ती म्हणजे खोटे वजन. तराजूलाही मन नसते. वजनाचा तळ पोखरणारा दुकानदार तोंडाने काहीच बोलत नाही. तो धातूच्या एका तुकड्यात फेरफार करतो. तरीही उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात, व्रताला डाग लावणाऱ्या अतिचारांच्या यादीत कमीजास्त मापे वापरणे येते आणि खोटे लेख तयार करणेही येते. कौटिल्याने अर्थशास्त्रात वजनमापांसाठी वेगळे प्रकरण दिले. भारतीय दंड संहितेतही खोट्या वजनमापांचा वापर हा वेगळा गुन्हा होता. या सर्वांनी धरलेले सूत्र एकच आहे: वस्तू जेव्हा माणसांच्या वतीने साक्ष देते, तेव्हा त्या वस्तूत केलेला फेरफार माणसांनाच फसवतो. 2015मध्ये फोक्सवॅगनचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हाही हेच दिसले. गाडी चाचणीयंत्रावर आहे हे इंजिनचे सॉफ्टवेअर ओळखत असे आणि तेवढ्यापुरता धूर आटोक्यात ठेवत असे. खोटी माहिती एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला दिली होती. पण कंपनीने फक्त उपकरणाला फसवले, माणसांना नाही, असा बचाव कोणाला पटण्यासारखा नव्हता.

आपल्या परंपरेने सत्याचे ठिकाण शब्दांच्या पलीकडे शोधले आहे. द्रोणपर्वात युधिष्ठिराने उच्चारलेले वाक्य अक्षरशः तपासले तर खरेच निघते. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता. तरीही जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली आला. योगसूत्रांवरील व्यासभाष्य सत्याची कसोटी सांगते: जसे पाहिले, अनुमानिले, ऐकले, तशीच वाणी आणि तसेच मन हवे, वाणी फसवी नसावी आणि ती प्राणिमात्रांच्या हितासाठी असावी. वाचस्पती मिश्रांनी या ठिकाणी फसव्या वाणीचे उदाहरण म्हणून युधिष्ठिराचाच प्रसंग घेतला आहे. खऱ्या शब्दांनी फसवता येत असेल, तर एकही शब्द न उच्चारता फसवता येते हे मानायला अडचण उरत नाही. खूण आणि वस्तुस्थिती यांची जोडी जाणूनबुजून तोडणे, आणि त्या खुणेवर कोणी तरी विसंबून आहे हे माहीत असताना तोडणे, हा असत्याचा गाभा आहे. हिरवी तार ही अशी खूण आहे.

मग या खुणेवर विसंबून कोण आहे? रस्ता ओलांडणारी बाई, पुढचा दुचाकीस्वार, फाट्यावर थांबलेली शाळेची मुले. त्यांनी ती तार कधी पाहिलेली नसते. समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे रस्त्यावर आहेत, एवढ्या भरवशावर ते रस्त्यावर पाऊल टाकतात. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत 33 मीटर पुढे जाते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने 2013च्या मार्गदर्शक तत्त्वांत गाडीतल्या उपकरणाकडे टाकलेली एक नजर साधारण दोन सेकंदांच्या आत राहावी अशी अपेक्षा ठेवली. चित्रपट मात्र नजर खिळवून ठेवण्यासाठीच बनवलेला असतो. इथे तत्त्वार्थसूत्रातली हिंसेची व्याख्या आठवावी: प्रमादाच्या योगाने प्राणांचा घात करणे म्हणजे हिंसा. द्वेष नसला तरी बेसावधपणा पुरतो. तार खोटी जोडणारा कोणाचे वाईट चिंतत नाही हे खरेच. पण स्वतःच्या बेसावधपणाला आवर घालणारी एक गोष्ट तो हाताने काढून टाकतो. त्यामुळे या एका कृतीत सत्याचा आणि अहिंसेचा असे दोन्ही प्रश्न गुंतलेले आहेत.

यावर आक्षेप येतील. गाडी माझी, स्क्रीन माझा, आणि चित्रपट तर शेजारी बसलेला पाहणार. कंपनीने माझ्यावर पहारा का ठेवावा? शिवाय कंपनीलाही लोकांची काळजी नसते, तिला खटल्याची भीती असते. यातला दुसरा भाग मानला तरी काही बिघडत नाही. निरीक्षकाच्या धाकाने का होईना, दुकानदाराने खरे वजन ठेवले की गिऱ्हाइकाला पुरा माल मिळतो. पहारा ठेवणाऱ्याचा हेतू हिशेबी असल्याने माझे कर्तव्य सैल होत नाही. पहिल्या भागात तथ्य आहे. शेजाऱ्याची करमणूक ही रास्त मागणी आहे, आणि तिला सरळ उत्तरेही आहेत: मागच्या आसनांसाठी वेगळे स्क्रीन मिळतात, आणि चालकाच्या बाजूने पाहिल्यास चित्र दिसणार नाही असे पडदेही काही गाड्यांत असतात. पण डॅशबोर्डच्या मधोमध चालणारे चित्र शेजाऱ्यापुरते राहत नाही. गाडी माझी असली तरी रस्ता माझा नाही.

अधिक बारकाईचा आक्षेप महाभारतातूनच येतो. कर्णपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा आहे. लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा त्याने दरोडेखोरांना खराखुरा सांगितला, ती माणसे मारली गेली, आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला. तेव्हा सत्य निरपवाद नाही, मग एका तारेचा एवढा बाऊ कशाला? पण ही कथा उलट बाजूने साक्ष देते. कौशिकाचे सत्य दोषी ठरले, कारण त्याने जीव गेले. अपवादाची सवलत जीव वाचवणाऱ्या असत्याला आहे, जीव धोक्यात घालणाऱ्या असत्याला नाही. प्राणिमात्रांचे हित ही कसोटी लावली, तर तारेच्या खोट्या जोडणीच्या बाजूने करमणुकीखेरीज काहीच उरत नाही.

निर्बंध मूर्खपणाचा वाटत असेल तर? तसे वाटण्याचा आणि तसे बोलण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. पण विरोध आणि बनवाबनवी यांत अंतर आहे, आणि ते गांधीजींनी दोन्ही बाजूंनी दाखवून दिले. कायदा मोडायचा तर उघडपणे, परिणाम पत्करून मोडायचा, ही सत्याग्रहाची शिस्त. दुसरीकडे, 1912मध्ये त्यांनी दूध सोडण्याचे व्रत घेतले होते. पुढे मोठ्या आजारात कस्तुरबांच्या सूचनेवरून ते शेळीचे दूध घेऊ लागले. व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती, म्हणून शब्द मोडला नव्हता. तरी शब्द राखला आणि आत्मा गमावला, अशी कबुली त्यांनी आत्मकथेत दिली. हिरव्या तारेला अर्थ देणाराही शब्दच राखतो: स्क्रीनने अर्थ मागितला, अर्थ दिला. या चलाखीचा समाजावर होणारा परिणामही दिसतो आहे. काही संच आता नुसत्या अर्थने मानत नाहीत, ब्रेक ठरावीक क्रमाने दाबलेला-सोडलेला पाहतात; लगेच त्या क्रमाची नक्कल करणारे तुकडेही विकायला आले. सीटबेल्टचा इशारा बंद पाडणाऱ्या क्लिपांची विक्री थांबवण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला 2023मध्ये पाच ऑनलाइन विक्री मंचांना द्यावा लागला. असत्य ऐकणाऱ्या एकट्याचे नव्हे तर साऱ्या मानवजातीचे नुकसान करते, हे कांटचे मत इथे अतिशयोक्तीचे वाटत नाही. खुणा खोट्या ठरत गेल्या की पहारे वाढतात, आणि सरळ वागणाऱ्यालाही ते सोसावे लागतात.

तेव्हा यंत्राला खोटे सांगणे हे असत्यच आहे. यंत्राचे मन दुखावते म्हणून नव्हे, तर यंत्रावर माणसे विसंबलेली असतात म्हणून. बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्याला कोणी काहीही सांगावे, तिथे कोणाचा भरवसा गुंतलेला नाही. पण जीवघेण्या वेगाने धावणाऱ्या वस्तूत बसवलेली प्रत्येक खूण सार्वजनिक ठेव आहे. नवा स्क्रीन बसवून घेताना फिटरला एवढेच सांगावे: हिरवी तार काळीला जोडू नकोस, हँडब्रेकपर्यंत ने. त्यासाठी कन्सोल उघडावा लागेल, थोडी जास्त वायर लागेल आणि मजुरीही थोडी वाढेल. ती द्यावी.