फाळांवरचा राजा

वडिलांच्या माघारी वारसाचा दाखला काढायला गेलो, तर खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "तुम्ही त्यांचेच चिरंजीव कशावरून?" मला एकदम नॉर्वेचा हॅराल्ड गिले आठवला.

हा आयर्लंडहून आला आणि म्हणाला, मी मॅग्नस बेअरफुट राजाचा मुलगा. बेअरफुट म्हणजे अनवाणी. तो केव्हाच वारलेला; गादीवर त्याचा मुलगा सिगुर्ड. त्याने हॅराल्डला दिव्य करायला लावलं. दोन बिशपांनी हाताला धरून त्याला नांगराच्या नऊ तापलेल्या फाळांवरून चालवलं. अनवाणीच! तीन दिवसांनी पाहतात तर पाय शाबूत. जुन्या सागांत तरी तसं लिहिलंय. माझं बापडं झेरॉक्सवर भागलं.

पण हॅराल्डने आधी शब्द दिला होता : सिगुर्ड आणि त्याचा मुलगा हयात असेतो राज्य मागणार नाही. ११३० साली सिगुर्ड गेला, आणि यानं अर्धं राज्य घेतलं. ११३५ साली पुतण्याला पकडून त्याचे डोळे काढले, एक पाय तोडला. फाळांनी बाप तपासला; शब्द कोण तपासणार?

धाकट्याला घरात हिस्सा देईन, असं मीही वडिलांना म्हणालो होतो. अर्जात तसा रकाना नाही. मी सही केली.

११३६ साली बर्गनमध्ये हॅराल्डचा खून झाला. करणारा दुसराच एक सिगुर्ड. त्याचंही म्हणणं, मी मॅग्नस राजाचा मुलगा. आणि म्हणे, त्यानंही डेन्मार्कात दिव्य केलं होतं!